मागच्या पायाची टाच

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस की जिममधली तुझ्याहून बारीक मुलगी बॅगवर तुझ्यापेक्षा जोरात कशी मारते. मी म्हणाले, लिहून पाठवते. हा प्रश्न आपल्या घरात पूर्वी एकदा येऊन गेला आहे. तेव्हा तो तुमच्या धाकट्या आजोबांनी विचारला होता, आणि त्यांची नोकरी त्याच्या उत्तरावर अडकली होती.

धाकटे आजोबा म्हणजे माझा दीर. तुम्ही त्यांना अहो-जाहो करा. मी त्याला तेव्हाही अरे म्हणत होते, आताही म्हणते.

आमचं घर पेणच्या खाडीकडच्या बाजूला, खारेपाटात. मी सकाळी एसटीने रामवाडीच्या स्टँडवर उतरून शाळेत विज्ञान शिकवायला जायची. तुमचे आजोबा मुंबईला नोकरीत होते, शनिवारी रात्री यायचे. घरी मी, सासूबाई आणि दीर. दिराने लहानपणापासून मिठागरात काम केलं होतं, डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहिल्या होत्या. मग एका वर्षी उधाणाने बांध फुटला, आम्ही करत होतो ते मिठागर पाण्याखाली गेलं ते गेलंच. दीर रोह्याला ठेकेदाराकडे लागला. तिथे तेव्हा कंपन्या नव्याने उभ्या राहत होत्या. गडब, नागोठणं करत एसटी रोह्याला पोचायची तेव्हा शिफ्टची वेळ होत आलेली असायची. ठेकेदाराचा माणूस म्हणजे आज काम आहे, उद्याचं उद्या.

त्याच्या कंपनीच्या मॅनेजरला बॉक्सिंगचं वेड होतं. कॉलेजात असताना तो स्वतः खेळलेला. दर थंडीत रोह्यातल्या कंपन्यांच्या आपसात स्पर्धा व्हायच्या. ठेकेदाराच्या माणसांपैकी जो बॉक्सिंगमध्ये आपल्या वजनगटात पहिला येई, त्याला मॅनेजर कंपनीत कायम करून घ्यायचा. आधी दोघं असे कायम झालेले होते. म्हणून माझ्या दिराने हातात ग्लोव्ह्ज घातले. खेळाची आवड वगैरे नंतरची गोष्ट.

शिकवायला लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार होते, कंपनीच्या सिक्युरिटीत. गोदामामागच्या शेडमध्ये शिफ्ट सुटल्यावर तासभर सराव घ्यायचे. पहिल्या महिन्याच्या शेवटी त्यांनी दिराबद्दल एक वाक्य उच्चारलं, ते तो घरी घेऊन आला: ताकत है, पंच नहीं है.

"वैनी, ताकद हाय नि पंच नाय, म्हंजे काय गो?"

"म्हणजे ताकद पोचत नाही."

"मंग आडकते कुठं?"

"मला काय माहीत?"

"तुला नाय माहीत? मंग शालेत पोरांना काय शिकवतेस?"

शाळेत मी त्याच आठवड्यात बल शिकवत होते. वस्तुमान, त्वरण, त्यांचा गुणाकार. फळ्यावर ते दोन ओळींत संपतं. पण ठोशाच्या वेळी वस्तुमान कुणाचं धरायचं, मुठीचं, हाताचं की सगळ्या माणसाचं, हे पुस्तकात दिलेलं नव्हतं, आणि कुठल्या मुलाने विचारलंही नव्हतं.

घरी सरावासाठी बॅग हवी होती. दिराने गोणपाटाची पिशवी शिवली आणि तिच्यात मीठ भरलं. खारेपाटातल्या माणसालाच हे सुचणार. फुकटची वस्तू, जड, आणि घरात कोपऱ्यात पडलेली. पडवीच्या आढ्याला ती टांगली तेव्हा श्रावण चालू होता. दोन दिवस ठीक गेले. मग मीठ हवेतलं पाणी ओढायला लागलं, पिशवी खालून गळायला लागली, आणि वरचं मीठ दगडासारखं धरलं. तिसऱ्या दिवशी त्याने उजवा हात मारला आणि मनगट धरून खाली बसला.

सासूबाई आतून बाहेर आल्या. "काय झाला?"

"काय नाय."

"काय नाय तर तोंड असा कशाला केलास? मीठ खाल्लास?"

मनगट आठवडाभर सुजलेलं होतं. त्यातून एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. मूठ लागते तेव्हा मनगट सरळ नसेल तर अर्धा मार आपल्यालाच परत येतो. पहिल्या दोन बोटांची पेरं, मनगट आणि कोपरापर्यंतचं हाड एका ओळीत यायला हवं. मनगटात सांधा वाकला की मागून येणारा जोर तिथेच मुडपून जातो. तू आरशासमोर हे तपासून बघ.

मग मी पेणच्या गिरणीतून भाताचा तूस आणला, त्यात जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबल्या आणि नवी बॅग केली. आता मोजायचं काय, हा प्रश्न आला. मोजल्याशिवाय माझं समाधान होत नाही, हे तुमच्या आईला विचारा. मी पडवीच्या भिंतीवर खडूने रेघा ओढल्या आणि बॅग किती लांब मागे जाते ते बघायला लागले. दीर मारायचा, बॅग तिसऱ्या रेघेला जायची. तुमचे आजोबा शनिवारी आले, त्यांनी सवय नसताना मारलं, बॅग चौथ्या रेघेला. सासूबाई हंडा घेऊन पडवीतून चालल्या होत्या, बॅग वाटेत आली, त्यांनी ती कमरेने ढकलली. पाचवी रेघ.

"ह्यात काय मोठासा हाय?" म्हणाल्या, आणि आत गेल्या.

"आईला पाठव रोह्याला," तुमचे आजोबा म्हणाले. "कायम होऊन येईल."

दीर हसला नाही. मी त्या रात्री रेघा पुसून टाकल्या, कारण मी चुकीची गोष्ट मोजत होते. बॅग लांब जाते ती ढकलल्याने. ढकलणारा बॅगला बराच वेळ चिकटून राहतो आणि सावकाश जोर देत जातो. ठोसा लागून लगेच सुटायला हवा. तेवढाच जोर अगदी थोड्या वेळात दिला गेला की बॅग लांब जात नाही, जागच्या जागी दुमडते, आणि आवाज कोरडा येतो. ढकलल्यावर माणूस मागे सरकतो आणि परत उभा राहतो. ठोशाने तो जागीच बसतो. त्यानंतर मी स्वयंपाकघरातून, पाठ करून, नुसत्या आवाजावरून सांगायला लागले, कुठला ठोसा आणि कुठली ढकल. बहुतेक ढकलच असायची.

दिराचे खांदे रुंद होते, मान जाड, हात लांब. हात लांब असणं चांगलं, कारण मुठीला वेग घ्यायला अंतर मिळतं. पण एकट्या हाताचं वजन ते किती? मूठ आणि हात यांच्यामागे अंग आलं नाही तर कितीही वेगाने मारा, हलक्याच वस्तूचा मार बसतो. त्याचं अंग येत नव्हतं. हवालदार रोज ओरडत, कमर से मार. तो घरी येऊन कमरेत वाकायचा.

"वाकू नको, वळ," मी सांगायची.

"वललो की!"

वळतो असं त्याला मनापासून वाटत होतं. मला वाटत नव्हतं, पण नक्की कुठे चुकतंय ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. असा दसरा आला.

पाऊस संपला की आमच्याकडे अंगण चोपून शेणाने सारवायचं. सासूबाईंनी दिवसभर खपून ते सारवलं. संध्याकाळी दीर शिफ्टवरून आला आणि अंधारात, ओल्याच अंगणात सरावाला उभा राहिला. सकाळी मी बाहेर आले तर अंगणभर पावलं.

सासूबाईंचा तोंडाचा पट्टा चालू झालेलाच होता. "मेल्या, माजा आंगन! कालपासून कंबर मोडली माजी! रानडुकर आला का म्हैस आली?"

मी मात्र ठसे बघत उभी राहिले. पुढच्या, म्हणजे डाव्या पावलाचे ठसे पुष्कळ, एकावर एक चढलेले. उजव्या, मागच्या पावलाचे ठसे शिक्का मारावा तसे: टाच, तळवा, पाचही बोटं, सगळं सुबक. एकही पुसट नाही, एकही फरफटलेला नाही. माणूस कमरेतून वळला तर मागचं पाऊल असं शांत राहील का? मी पदर खोचला आणि स्वतः उजवा हात पुढे फेकत वळून पाहिलं. माझी टाच आपोआप उचलली गेली आणि चवड्याने सारवणात अर्धगोल काढला.

"आता तू पन?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "मास्तरीन ना तू?"

मी दिराला हाक मारून ठसे दाखवले. "मागचा पाय फिरतच नाही तुझा."

"फिरवतो ना गो. हवालदार रोज तेच सांगतो, पैर घुमाव. पाय फिरव."

तेवढ्यात सासूबाई पायरी उतरून खाली आल्या. आवाज बदललेला होता. "कोन सांगतो पाय फिरव? तुज्या बापाचा पाय फिरला तो जलमभर लंगडला. कोन तो हवालदार? त्याला मिठागर माहीत हाय?"

हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे सासरे होते तेव्हा लंगडत हे पाहिलं होतं, पण ते कशाने, हे कधी विचारलं नव्हतं. मिठागरात दोन वाफ्यांमधल्या अरुंद चिखलाच्या बांधावरून डोक्यावर टोपली घेऊन चालायचं असतं. पाऊल सपाट ठेवायचं, सगळंच्या सगळं, आणि उचलताना सरळ वर उचलायचं. ते जरा वळलं तर चिखल टाच धरून ठेवतो, वरचं ओझं पुढे जातं, गुडघा पिळवटतो. त्याला तिथे म्हणतात, पाय फिरला. अमक्याचा पाय फिरला म्हणजे अमक्याचा हंगाम गेला. दीर चालायला लागला तेव्हापासून त्याच्या कानावर एकच पडत आलं होतं: पाय फिरवू नको. आणि हवालदार रोज संध्याकाळी त्याला नेमकं तेच करायला सांगत होते. डोक्याने तो हो म्हणत होता. पाय ऐकत नव्हता.

मी दोन दिवस दुसरा शब्द शोधत होते. "वळव" म्हणून पाहिलं, "टाच उचल" म्हणून पाहिलं. टाच उचल म्हटलं की तो उंची वाढवायची असल्यासारखा दोन्ही चवड्यांवर उठायचा. शेवटी शब्द सासूबाईंकडूनच आला, आणि तोही शिवी म्हणून. भात कापून झालं होतं, अंगणात पेंढ्या पडल्या होत्या, आणि दीर हवेत हात मारत होता.

"नुसता नाचतोस त्यापरीस भात मळ रे. चार दाने तरी सुटतील."

थोड्या भातासाठी बैल लावत नाहीत. लोंब्या पायाखाली घेऊन चवड्याने पिळून पिळून दाणे सुटे करतात. टाच वर, चवडा जमिनीला दाबलेला, आणि सगळं अंग त्यावर फिरतं. खारेपाटातल्या प्रत्येक मुलाला हे येतं, आणि त्याची भीती कुणालाच नसते, कारण ते कोरड्या खळ्यावर करायचं असतं.

मी मूठभर लोंब्या घेतल्या आणि त्याच्या उजव्या चवड्याखाली ठेवल्या. "मार. पण मारताना मळ."

पहिल्या ठोशाला नुसताच भात मळला गेला, हात मागे राहिला. दुसऱ्याला हात आधी गेला. पाच-सहा असे वाया गेल्यावर एकदा दोन्ही जुळलं. आधी चवडा जमिनीला दाबला गेला, मग गुडघा आत आला, कंबर वळली, खांदा तिच्या मागून आला आणि सगळ्यात शेवटी मूठ. बॅग पुसलेल्या तिसऱ्या रेघेच्या खुणेपर्यंतही गेली नाही. ती मधोमध दुमडली, आढं कुरकुरलं आणि वरून धूळ पडली.

सासूबाई पेंढ्या बांधायच्या थांबल्या. "घर पाडतोस काय?"

दीर मुठीकडे बघत होता. "वैनी, ह्यो मी नाय मारला."

"मग कोणी मारला?"

"जोर लावलाच नाय गो मी."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या या वाक्यात बरंचसं आलं आहे. जोर जमिनीतून येतो. पाय जमिनीला ढकलतो, जमीन तितकंच परत ढकलते, आणि ते वर चढत चढत मुठीपर्यंत जातं. वाटेतला प्रत्येक सांधा आपल्या पाळीने सुटला पाहिजे. सगळे एकदम सुटले तर बेरीज होत नाही, आणि एखादा अडला तर वरच्यांना काही मिळतच नाही. तुझ्या जिममधल्या त्या बारीक मुलीचे हात बघू नकोस, मागचा पाय बघ. आणि आणखी एक: मूठ आधीपासून आवळून ठेवली तर हात जड आणि सावकाश होतो. हात सैल फेकायचा आणि अगदी लागायच्या क्षणी आवळायचा. त्या क्षणी मूठ, मनगट, खांदा, पोट सगळं एक झालं की मुठीमागे सबंध माणूस उभा राहतो. शिवाय नजर बॅगच्या कातडीवर नको, वीतभर आत हवी. हात पूर्ण ताणला गेल्यावर लागला तर त्यात काही उरलेलं नसतं.

दिराला हा सैलपणा जमायला थंडी उजाडली. आवळून धरायची सवय टोपलीची. हवालदारांना लोंब्यांचं कळलं तेव्हा त्यांनी शेडमध्ये एक पेंढीच मागवली आणि सगळ्यांना मळायला लावलं. रोज झाडून घ्यायचं काम वाढलं, म्हणून वॉचमनने तक्रार केली.

स्पर्धा रोह्याच्या मैदानात झाल्या. बांबू आणि दोर बांधून रिंग केलेली, खाली फळ्या, वर ताडपत्री. मी गेले, आणि सासूबाईही हट्टाने आल्या. बायका आम्ही दोघीच होतो म्हणायला हरकत नाही. पहिल्या दोन लढती दिराने सहज जिंकल्या. शेवटची होती ती समोरच्या कंपनीतल्या माणसाशी. तो आधीच्या वर्षीचा विजेता, रोह्याच्या आतल्या गावातला, उंच आणि सडसडीत. मॅनेजर पुढच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता.

पहिल्या फेरीत त्या उंच माणसाने डाव्या हाताने दिराला नुसतं टोचलं. टोचायचा आणि निघून जायचा. त्या टोचण्यात काही दम नव्हता, पण प्रत्येक टोचणी पंचांच्या हिशेबात जात होती. दीर उजव्या हाताची संधी शोधत उभा. एकदाच मारायचं आणि पुरतं मारायचं, असं त्याच्या मनात दिसत होतं. दुसऱ्या फेरीच्या मध्याला तो माणूस टोचून मागे जायच्या ऐवजी पुढे आला.

"मळ रे!" सासूबाई ओरडल्या. "मळ!"

शेजारचा माणूस आमच्याकडे बघायला लागला. रिंगमध्ये दिराची उजवी टाच उचलली गेलेली मला दिसली. मूठ दिसली नाही. उंच माणूस खाली बसला, म्हणजे पाय मोडून बसावं तसा जागीच बसला. रेफरीने मोजायला सुरुवात केली. मॅनेजर खुर्चीवरून उठला. आठ झाले तेव्हा तो माणूस उभा राहिला, डोकं हलवलं आणि हात वर घेतले.

तिसऱ्या फेरीत त्याने जवळ येण्याची चूक केली नाही. लांबून टोचत राहिला, आणि दीर त्याच्यामागे फिरत राहिला. निकाल गुणांवर झाला. रेफरीने त्या माणसाचा हात वर केला.

सासूबाईंना हे पटेना. "पडला कोन? त्यो पडला ना? मंग जिंकला कसा?"

"आई, पडण्याचे वेगळे गुण नाहीत. लागलेले मोजतात."

"मंग मोजनाऱ्याला एक लावायला पायजे होता."

मॅनेजर दिराला भेटला नाही. गाडीत बसून गेला. जिंकणाऱ्याला कायम, एवढंच तो बोलला होता, आणि तो शब्दाचा पक्का होता. हवालदारांनी दिराच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, पंच आ गया, अब बॉक्सिंग सीख. दीर ताडपत्रीखाली बाकावर बसून हाताच्या पट्ट्या सोडत होता. ठोसा मारता येणं आणि लढत जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तूही हे ध्यानात ठेव.

थोड्या वेळाने तो उंच माणूस चहाचे दोन ग्लास घेऊन आला. एक दिरापुढे धरला. जबडा अजून एका बाजूने चोळत होता.

"ह्यो हात कुठं शिकलास?"

"भात मळताना."

"मस्करी नको. डोस्क्यात अजून घंटा वाजतेय." तो बाकावर बसला. "कायम हायेस?"

"ठेकेदाराकडं."

"आमच्याकडं बॉयलरला मानसं घेतायत. सायबाला मी सांगतो. सोमवारी ये." मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, "पन एक हाय. फुडच्या वर्षी तू वरच्या वजनात खेलायचा. माज्या समोर नको. माजी दोन पोरा हायेत."

"वरच्या वजनात कसा जाऊ? वजन कोन देनार?"

"तो माजा काम," सासूबाई मागून म्हणाल्या. ते दोघे दचकले. त्या कधीपासून उभ्या होत्या कुणास ठाऊक.

सोमवारी तो गेला. आधी सहा महिने उमेदवारीवर होता, मग कायमची ऑर्डर मिळाली. नव्या कंपनीच्या संघात तो पुढे काही वर्षं वरच्या वजनात खेळला, थोडंफार जिंकला. त्या उंच माणसाशी त्याची लढत परत कधीच झाली नाही.

पहिल्या कंपनीत ठेकेदाराचा पितळी बिल्ला परत द्यायचा राहिला होता. ऑर्डर हातात आली त्या दिवशी तो देऊन आला. गेटवरच्या नव्या वॉचमनने बिल्ला घेतला, उलटसुलट करून बघितला.

"काम सोडलंस?"

"व्हय."

"गावाला चाललास?"

"नाय. समोर," दीर म्हणाला, आणि रस्ता ओलांडून शिफ्टला गेला.